शोकेसमधली गाडी आणि तिची किंमत

काडेपेटीत मावेल एवढ्या खेळण्यातल्या गाडीसाठी शहाणीसुरती माणसं लाखांच्या घरात पैसे मोजतात. का मोजतात, असं मुंबईतल्या एखाद्या संग्राहकाला विचारलं तर तो रंग, चाकं आणि पॅकिंगच्या कार्डाच्या कोपऱ्यांबद्दल बोलतो. विक्रेत्याला विचारलं तर तो मागणी-पुरवठा सांगतो. उरणमध्ये राहून या प्रश्नाकडे पाहताना माझ्यासमोर दोन जागा येतात. एक न्हावा-शेव्याचं बंदर, जिथे परदेशी खेळणी कंटेनरमध्ये बंद होऊन उतरतात. दुसरी, इथल्या जुन्या घरांतली काचेची शोकेस. जहाजावर किंवा आखातात नोकरीला गेलेल्या मामा-काकांनी आणलेली गाडी तिथे ‘खेळायची नाही, फक्त बघायची’ म्हणून वर्षानुवर्षं ठेवलेली असते. किमतीचा निम्मा उलगडा बंदरात होतो, निम्मा शोकेसमध्ये.

आधी जगातली सगळ्यात गाजलेली गाडी पाहू. अमेरिकेतल्या मॅटेल कंपनीने १९६८ साली ‘हॉट व्हील्स’ बाजारात आणल्या, पहिल्या वर्षी सोळा मॉडेलं. पुढच्या वर्षी कंपनीने फोक्सवॅगनच्या व्हॅनवरून ‘बीच बॉम्ब’ नावाची गाडी घडवायला घेतली. तिच्या मागच्या खिडकीतून लाटांवर स्वार होण्याच्या दोन फळ्या बाहेर डोकावत होत्या. गाडी दिसायला झकास होती, पण अंगाने अरुंद आणि डोक्याने जड. हॉट व्हील्सच्या ट्रॅकवर ‘सुपरचार्जर’ नावाचं यंत्र असे. त्याची फिरती चाकं गाडीला दोन्ही बाजूंनी धरून पुढे भिरकावत. या अरुंद गाडीवर त्यांची पकडच बसेना. मग कंपनीने गाडी रुंद केली, फळ्या दोन्ही अंगांना नेल्या, वजन खाली आणलं आणि ती सुधारलेली गाडी दुकानात पाठवली. मागून फळ्या असलेले जे नमुने चाचणीसाठी बनले होते, त्यातले आज पन्नासच्या आसपास माहीत आहेत. गुलाबी रंगातले फक्त दोन. त्यातला एक अमेरिकेतल्या एका संग्राहकाकडे आहे आणि त्याची किंमत दीड लाख डॉलर सांगितली जाते.

आता त्याच कंपनीची दुसरी गाडी. २००८ मध्ये हॉट व्हील्सला चाळीस वर्षं झाली आणि चार अब्जावी गाडी तयार झाली, त्या निमित्ताने एका जवाहिऱ्याकडून पांढऱ्या सोन्यात सुमारे २,७०० हिरे जडवलेली गाडी करून घेतली. किंमत ठरली १ लाख ४० हजार डॉलर. या दोन गाड्या मनातल्या मनात शेजारी ठेवून पाहाव्यात. एकीची किंमत सोन्याची आणि हिऱ्यांची आहे. उद्या ती वितळवली तरी बरीचशी वसूल होईल. दुसरीत जस्ताचा मिश्रधातू, थोडं प्लास्टिक आणि रंग आहे, मोडीत काढली तर चहाचेही पैसे सुटणार नाहीत. तरी दोघी एका पंगतीला बसतात. बीच बॉम्ब महाग झाली ती फसल्यामुळे. कंपनीला ती दुर्मीळ करायची नव्हती, विकायची होती.

या सगळ्या बाजाराचा आढावा घेताना मला हाच फरक कळीचा वाटतो: नकळत आलेली दुर्मिळता आणि ठरवून आणलेली दुर्मिळता. पहिलीची किंमत दशकानुदशकं टिकते. दुसरीची टिकेलच असं नाही.

नकळत आलेल्या दुर्मिळतेचं सगळ्यात जुनं घर इंग्लंड. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने रेल्वेच्या खेळण्यांसोबत ठेवायला म्हणून छोटी वाहनं काढली आणि १९३४ पासून ती ‘डिंकी’ या नावाने विकली. लहान दुकानांच्या जाहिराती रंगवलेल्या डिलिव्हरी व्हॅन त्यात असत. त्या त्या दुकानापुरत्या थोड्याच बनायच्या, मुलं त्या जमिनीवर आपटत, मग युद्ध आलं. त्यातली डब्ल्यू. ई. बॉइस या दुकानाचं नाव असलेली एक व्हॅन २००८ साली लिलावात जवळजवळ वीस हजार पौंडांना गेली. लंडनच्या लेस्नी कंपनीची गोष्ट आणखी वेगळी. युद्धानंतर १९४७ मध्ये सुरू झालेला हा साचेओतीचा कारखाना उद्योगांना लागणारे सुटे भाग करायचा. भागीदार जॅक ओडेलच्या मुलीच्या शाळेत काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं आणायची परवानगी होती, म्हणून त्याने तिला पितळेचा इवलासा रोडरोलर करून दिला. त्यातून १९५३ मध्ये ‘मॅचबॉक्स’ जन्मली. त्याच वर्षी राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकाच्या रथाची छोटी प्रतिकृती दहा लाखांहून जास्त खपली. एवढी खपलेली वस्तू दुर्मीळ कशी होणार? म्हणून मॅचबॉक्समध्ये किंमत येते ती रंगाच्या चुकीला. साठच्या दशकातला बीपी कंपनीचा रेकर ट्रक पिवळ्या केबिनचा आणि मागे हिरवा असतो. थोड्या गाड्यांमध्ये रंग उलटे बसले. तशी हिरव्या केबिनची गाडी हाती लागली तर साध्या गाडीच्या कितीतरी पट दाम मिळतं.

ठरवून आणलेली दुर्मिळता मॅटेलने १९९५ मध्ये ‘ट्रेझर हंट’ (टीएच) या नावाने सुरू केली. त्या वर्षी बारा गाड्या निवडल्या आणि प्रत्येकीचे दहा हजार नग काढले. नारिंगी पट्ट्यांची पांढरी ‘६७ कॅमेरो’ ही त्यातली आजही सगळ्यात मागणीतली. २००७ पासून दोन थर झाले: साधी टीएच आणि सुपर टीएच. साध्या टीएचच्या अंगावर वर्तुळातल्या ज्वाळेचं छोटं चिन्ह असतं आणि कार्डावर गाडीच्या मागे तेच करड्या रंगात छापलेलं असतं. सुपरला धातूसारखा चमकणारा पारदर्शक रंग आणि खऱ्या रबराचे टायर. पेटी उघडताना दुकानातला पोऱ्या या खुणा ओळखायला शिकला की ती गाडी पेगवर, म्हणजे दुकानातल्या खुंटीवर, लागतच नाही. मागच्या दाराने जाते. जानेवारी २०२४ मध्ये लोकल थेट उरणपर्यंत आल्यापासून इथली पोरं सीवूडच्या मॉलपर्यंत गाड्या शोधत जातात. त्यांना पेगवर जे दिसतं ते आधी कुणीतरी चाळून गेलेलं असतं. दीडशे-दोनशे रुपयांची गाडी तासाभरात व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर हजारांच्या भावाने फिरू लागते. यात बेकायदा काही नसेल, पण मला ते मनापासून खटकतं. ज्या मुलासाठी ती गाडी बनली, ते मूल या व्यवहारात कुठेच नाही.

आणि त्या भावाला आधार किती? एका सुपर टीएचचे जगात हजारो नग असतात, आणि घेणारे बहुतेक जण ती पॅकबंद ठेवतात. म्हणजे ती झिजत नाही, हरवत नाही, तुटत नाही. जुन्या डिंकीला दुर्मीळ करणारी सगळी कारणं इथे गैरहजर आहेत. दहा वर्षांनी सगळ्यांनी एकदम कपाटं उघडली तर काय होईल, याचा विचार गुंतवणूक म्हणून खोकीच्या खोकी भरणाऱ्याने जरूर करावा.

बंदराकडे वळू. उरण तालुक्यातली जमीन संपादित करून उभं राहिलेलं न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झालं. द्रोणागिरी, जसई, चिर्ले भागातली कंटेनर यार्डं आणि त्यांच्या रस्त्यांवरच्या ट्रेलरच्या रांगा इथल्या माणसाला नव्या नाहीत. त्यातल्या एखाद्या पेटीत चाळीस हजार छोट्या गाड्या असतील तरी बाहेरून ओळखू येत नाही. पण त्या पेटीवर लागणारा कर देशभरच्या संग्राहकाच्या खिशाला जाणवतो. खेळण्यांवरचं मूळ आयातशुल्क फेब्रुवारी २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेलं, २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर. त्याशिवाय १ जानेवारी २०२१ पासून मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचं प्रमाणपत्र सक्तीचं झालं. कारण रास्त होतं. निकृष्ट प्लास्टिक आणि विषारी रंगांची खेळणी मुलांच्या तोंडात जात होती, आणि देशातल्या कारखान्यांनाही आधार हवा होता. मात्र जपानी किंवा युरोपीय छोट्या कंपन्यांना भारतासारख्या लहान गिऱ्हाइकासाठी तो खटाटोप परवडत नाही. त्यांचा माल येणंच कमी झालं. परदेशात सहज मिळणारी गाडी इथे ‘दुर्मीळ’ म्हणून तिप्पट भावाने विकली जाते, ती अशी. ही दुर्मिळता सीमेपुरती आहे. शुल्क उतरलं की तीही उतरेल, आणि तिप्पट मोजणारा हात चोळत बसेल.

गंमत अशी की सीमा बंद असण्यातूनच भारताने जगाला काही खरोखर दुर्मीळ गाड्या दिल्या. साठ ते ऐंशीच्या दशकांत परवान्याशिवाय असा माल आयात करता येत नव्हता; ग्राहकोपयोगी वस्तूंवरचे शेवटचे निर्बंध उठायला २००१ उजाडलं. त्या काळात परदेशी कंपन्यांचे जुने, वापरून झालेले साचे इथे आले. साठच्या दशकाच्या अखेरीस डिंकीचे साचे कोलकात्याला पोचले आणि ‘निकी टॉइज’ तयार झाल्या. यातली एखादी हातात घेऊन उलटी करून पाहावी. तळपत्र्यावर डिंकीचं नाव घासून काढल्याच्या खुणा दिसतात. रंग जाडसर, कडांवर साचलेला. साच्याचा वापर झालेला असल्याने दाराच्या रेषा बुजलेल्या. इंग्लंडमध्ये जी गाडी ‘ट्रायम्फ व्हिटेस’ म्हणून खपली, तीच इथे ‘स्टँडर्ड हेराल्ड’ या नावाने विकली, कारण रस्त्यावरची हेराल्ड मद्रासला बनत होती आणि मुलं तिलाच ओळखत होती. कोलकात्याच्याच ‘मिल्टन’ आणि ‘मॅक्सवेल’ यांनी इंग्रजी कंपन्यांच्या गाड्यांवरून आपापल्या गाड्या काढल्या. ही कामं ओबडधोबड होती, पण त्या गाड्यांनी परवानाराजातला एक पूर्ण काळ अंगावर वागवला आहे.

महाराष्ट्राचा धागा आहे तो मुंबईच्या ब्लोप्लास्टचा. व्हीआयपी बॅगांसाठी घराघरात माहीत असलेल्या या उद्योगाने ‘लिओ’ या नावाने खेळणी काढली आणि पुढे मॅटेलशी भागीदारी केली. त्यातून ‘मेड इन इंडिया’ हॉट व्हील्स दुकानांत आल्या. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या मराठी माणसाला लिओच्या कार्डांपेक्षा त्या गाडीचा आवाज जास्त आठवत असेल. परदेशातले संग्राहक आज याच गाड्या शोधतात. इथे वापरलेले रंग, इथे जुळवलेली चाकं अमेरिकेतल्या किंवा मलेशियातल्या त्याच साच्याच्या गाड्यांवर सापडत नाहीत. म्हणजे ही नकळत आलेली दुर्मिळता आहे, बीच बॉम्बच्या जातीची. आणि तिच्याकडे आपलंच लक्ष सगळ्यात कमी आहे. सुपर टीएचसाठी रांग लावणाऱ्या तरुणाला लिओच्या गाडीची किंमत विचारली तर तो ‘जुनी आहे, चाकं वाकडी आहेत’ म्हणून बाजूला ठेवतो.

या गाड्या उरल्या इतक्या कमी का, याचं उत्तर आपल्या घरांत आहे. आपल्याकडे खेळणं एका मुलाचं नसे. थोरल्याचं धाकट्याकडे, धाकट्याचं चुलतभावाकडे, मग वाडीतल्या कुणाकडे, आणि शेवटी भंगारवाल्याकडे. खाडीकाठच्या गावांत विकतचं खेळणं नसलं तर जुनी रबरी स्लिपर कापून चाकं करत, डब्याच्या पत्र्याची गाडी बांधत. खोकं जपायची तर कुणाला कल्पनाच नव्हती, आणि जुन्या गाड्यांच्या बाजारात मूळ खोक्यासह गाडीचा भाव नुसत्या गाडीच्या दुप्पट-तिप्पट सहज जातो. शिवाय वस्तू टिकायला आधी घर टिकावं लागतं. बंदरासाठी शेवा कोळीवाडा उठला, लोकांना हनुमान कोळीवाड्यात बसवलं आणि तिथली घरं वाळवीने पोखरली. ज्यांना स्वतःच्या दारा-चौकटी वाचवता आल्या नाहीत, त्यांच्याकडे पुठ्ठ्याचं खोकं कुठून सापडणार? इंग्लंडमधल्या पोटमाळ्यावर सत्तर वर्षं पडून राहिलेल्या डिंकीमागे सत्तर वर्षं न हललेलं एक घर असतं, हे किमतींचे आकडे वाचताना विसरू नये.

म्हणूनच शोकेसमधल्या गाडीला महत्त्व आहे. ‘हात लावायचा नाही’ या शिस्तीचा त्या वेळी मुलांना राग यायचा, आणि तो बरोबरच होता. पण काही गाड्या वाचल्या त्या केवळ त्यामुळे.

किनाऱ्यावर मात्र शोकेसही पुरत नाही. उरणची खारी हवा धातूला सोडत नाही. पिरवाडीच्या बाजूच्या घरांत खिडकीचे गज वर्षाला रंगवावे लागतात, तिथे मिलिमीटरभर जाडीच्या आसाचं काय! या गाड्यांचं अंग जस्त, अॅल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांबं यांच्या मिश्रधातूचं असतं आणि आस साध्या पोलादाचा. आधी आस तांबूस होतो, मग चाक अडखळतं, मग गंज चाकाच्या प्लास्टिकवर उतरतो. रंग उडालेल्या जागी जस्तावर पांढरी भुकटी धरते. जुन्या गाड्यांना याहून वाईट रोग असतो. युद्धापूर्वीच्या मिश्रधातूत शिसं मिसळलं गेलं असेल तर धातू आतून कणाकणाने फुगत जातो. दमट आणि उष्ण हवेत हे लवकर होतं. वरून गाडी धड दिसते, जवळून पाहिलं की छतावर केसासारख्या बारीक चिरा दिसतात, बंपर किंचित वाकलेला असतो, बोटाने दाबला तर कडेचा तुकडा भाजलेल्या पापडासारखा मोडून हातात येतो. यावर इलाज नाही. युद्धापूर्वीची डिंकी घेणाऱ्याने कोकणात ती ठेवायचीच असेल तर हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या ही किमान तयारी हवी. नव्या पॅकबंद गाड्यांची अडचण दुसरी: पावसाळ्यात कार्ड फुगून लहरतं, वरचं प्लास्टिक उन्हाने पिवळं पडतं, आणि कार्डाचा कोपरा मऊ झाला की भाव पडतो.

किंमत वाढली की नकला येतात. साध्या गाडीचा तळ ज्या खिळ्यांनी बसवलेला असतो, ते खिळे ड्रिलने कापून गाडी उघडतात, रबरी चाकं बसवतात, चमकदार रंग मारतात आणि सुपर टीएच म्हणून खपवतात. ओळखायची सोपी जागा तोच खिळा आहे. कारखान्यातला खिळा फुलासारखा पसरलेला, गुळगुळीत असतो. उघडलेल्या गाडीत तिथे भोक, स्क्रू किंवा डिंकाचा थर सापडतो. जुन्या गाड्यांना नवा रंग देणं हा आणखी वेगळा प्रकार. बऱ्याचदा घरच्यांनीच प्रेमाने रंगवलेली असते, फसवायचा हेतू नसतो. पण संग्राहकाच्या लेखी मूळ, टवके उडालेला रंग नव्या झकपक रंगापेक्षा कितीतरी मोलाचा. मुंबईत चोर बाजाराच्या मटण स्ट्रीटवर जुनी खेळणी मिळतात. तिथे जाणाऱ्याने रंग आधी पाहू नये, गाडी आधी उलटी करावी.

गेल्या काही वर्षांत आपल्या रस्त्यांवरची वाहनं गेली तशी त्यांची खेळणी हवीशी झाली. बेस्टची डिझेलवर चालणारी जुनी डबलडेकर १५ सप्टेंबर २०२३ ला शेवटची धावली. त्यानंतर दीड महिन्यातच पद्मिनीची काळी-पिवळी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून कायमची गेली. शेवटची २००३ मध्ये नोंदली होती आणि वीस वर्षांची मुदत संपली. कुर्ल्याला बनलेली ही गाडी, उरणचा माणूस मोऱ्याहून लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरल्यावर ज्यात बसायचा ती. दिल्लीच्या सेंटी टॉइजने अशा भारतीय वाहनांची प्लास्टिकची, मागे ओढून सोडायची खेळणी बरीच वर्षं स्वस्तात विकली. अँबेसिडर, फियाट, रिक्षा. त्यांना कुणी दुर्मीळ म्हणत नाही आणि आज म्हणूही नये. पण त्यातल्या बंद झालेल्या आवृत्त्या खोक्यासह किती घरांत उरल्या असतील? माझा अंदाज आहे की पुढच्या वीस वर्षांत मराठी घरांतून जी खेळणी खरोखर मोलाची ठरतील, ती हीच असतील. आज पॅकबंद साठवलेल्या परदेशी सुपरकार नव्हेत.

हे ठरायला एक गोष्ट लागेल, ती म्हणजे नोंद. डिंकी आणि मॅचबॉक्सला भाव आला, कारण त्यांच्या प्रत्येक रंगाची, चाकाची, खोक्याची सूची लोकांनी कष्टाने केली. कोणता नमुना किती वेळा सापडला हे माहीत असतं, म्हणून तर ‘फक्त दोन’ असं म्हणता येतं. निकी, मॅक्सवेल, लिओ यांच्याबद्दल जे काही लिहिलं गेलं ते बरंचसं परदेशी संग्राहकांनी. वस्तू जपण्याची परंपरा आपल्याकडे नाही असंही नाही. पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, वाद्यं, बाहुल्या अशा रोजच्या वापरातल्या वस्तू गावोगाव फिरून जमवल्या आणि तो सगळा संग्रह सरकारच्या स्वाधीन केला. राजा दिनकर केळकर संग्रहालय त्यांच्या अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने उभं आहे. कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेगाड्यांचं संग्रहालय १९९८ पासून लोक तिकीट काढून पाहतात. खेळण्यातल्या गाड्यांचा केळकर अजून व्हायचा आहे.

तोवर घरोघरी करता येईल असं काम आहे. शोकेसमध्ये, माळ्यावरच्या ट्रंकेत, शिवणाच्या डब्यात जुनी गाडी निघाली तर ती धुऊ नका, रंगवू नका, वाकलेला आस सरळ करू नका. वरून, बाजूने आणि तळाचा असे फोटो काढा. तळावरची अक्षरं भिंगाने वाचून लिहून ठेवा: कंपनी, देश, आकडा. गाडी कुणी आणली, कुठून, कोणत्या साली, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आजच विचारा आणि चिठ्ठी गाडीसोबत ठेवा. लिलावात अशा चिठ्ठीलाही किंमत येते, कारण गाडी अस्सल असल्याचा तो पुरावा असतो. विकायची झाली तर पहिल्या मागणीला देऊ नका, तीच गाडी प्रत्यक्ष किती रुपयांना विकली गेली ते दोन-तीन ठिकाणी पाहा. विकणाऱ्याने मागितलेला भाव आणि घेणाऱ्याने मोजलेला भाव यांत या बाजारात फार मोठं अंतर असतं.